पलटणीची सून

"दाबून घास गं. बँडमास्तरला त्यात तोंड दिसलं पाहिजे," एफी खुर्चीतून म्हणाली.

हेस्टर दाराची पितळी कडी घासत होती. दर वर्षी या दिवशी सकाळी ती समोरच्या घरातून फडकं घेऊन यायची.

"आणि तो डावा हात! जन्मात कधी सरळ काम जमलं नाही तुला."

"उजव्या हातवाल्यांनी बसून हुकूम सोडावेत. काम आम्ही करतो."

दुपारी बाराला पलटण यायची होती. गेली चाळीस वर्षं ती येत होती. ढोलकरी अँब्रोस टन्स्टल फ्रान्समध्ये लढाईत पडला, तेव्हा त्याच्या पिशवीत गाण्याचा कागद निघाला. गिरणी आळीतल्या हिरव्या दारामागे वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं. पलटणीने तीच चाल कूच करायला घेतली.

लढाई संपल्यावर बँडमास्तर त्या मुलीला शोधत आळीत आला. गिरणीत उरलेला रंग फुकट मिळायचा, म्हणून तेव्हा आळीतली सातही दारं हिरवी होती. सहा घरांतल्या बायका लग्न झालेल्या होत्या, नवी नवरी हेस्टर धरून. बिनलग्नाची पोर एकच, एफी. अँब्रोस तिच्याबरोबर एकदा नाचलाही होता. झालं, शोध संपला.

तेव्हापासून एफी पलटणीची सून. लढाईच्या स्मरणदिनी बँड तिच्या दारापुढे थांबे. ढोलावर तीन ठोके पडत. ती आतून कडी काढून बाहेर येई आणि ढोलकऱ्याच्या पट्ट्यात हेदरच्या फुलांची जुडी खोची. तिने लग्न केलं नाही. आळीतल्या बाकी दारांचे रंग बदलले, तिचं हिरवंच राहिलं.

पुढच्या महिन्यात पलटण दुसऱ्या एका पलटणीत मिसळणार होती. आजचं हे शेवटचं.

"हेस्टर, पलटणीच्या मेजरचं पत्र आलंय," एफी म्हणाली. "गाण्याच्या कागदाची चौकट उघडली, तर कागदाच्या पाठीवर आणखी एक कडवं निघालं. मूळ कागदच पाठवलाय त्यांनी."

"चष्मा नाही डोळ्यांवर, तुला कसं कळलं?"

"पत्र पोस्टमनने वाचून दाखवलं. कागदाला मी त्याला हात लावू दिला नाही. चष्मा सापडत नाहीये. तूच वाच."

हेस्टरने फडकं खाली ठेवलं.

"वाचायच्या आधी ऐक," एफी म्हणाली. "एकदाच नाचला गं तो माझ्याशी. नावसुद्धा विचारलं नाही. चाळीस वर्षं मी त्या दारात उभी राहते आणि मनात म्हणते, भलत्याच बाईच्या जागी तर नाही ना मी? त्या कडव्यात मी नसेन, तर आज दार उघडणार नाही."

हेस्टरने कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ ती पाठमोरी उभी होती.

"शिसपेन्सिलीचं आहे. पुसट झालंय."

"वाच तर."

हेस्टरने थांबत थांबत वाचलं:

"ढोल वाजता दारी येईल
सोनेरी वेणीची पोर,
एकदा नाचलो, त्यावर चालेन
दूरचा रस्ता, रात्र घोर."

एफीचा हात आपसूक पांढऱ्या केसांकडे गेला. "एकदा नाचलो, असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"छान वाचलंस." तिने कागद परत घेतला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

लांबून बँड ऐकू आला. हेस्टर लगेच स्वयंपाकघराकडे वळली. बँड थांबायच्या वेळी ती नेहमीच चहाचं पाणी ठेवायला आत जाई. "त्या चालीनं हिचं डोकं दुखतं," असं तिचा नवरा हॅरल्ड जिवंत असताना आळीभर सांगायचा.

"आज चहा राहू दे. इथंच थांब," एफी म्हणाली.

चाल जवळ आली, दारापुढे आली आणि थांबली. ढोलावर तीन ठोके पडले.

एफी उठली नाही. तिने एप्रनच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हेदरची जुडी हेस्टरपुढे धरली.

"कडी तू काढ, हेस्टर," ती म्हणाली. "डाव्या हातानं. त्यानं कडव्यात लिहिलंय तशी."