राघूनं सोडलेलं कणीस

"म्याडम, सांगून कुणाला पटणार न्हाई," आश्रुबानं घसा खाकरला, "पर ह्या पिशवीत राघू शिरला अन् जाताना टाचणी लावून गेला."

विहिरीतल्या माशाला बिडी पाजल्याची त्याची गोष्ट संशोधन केंद्रावर सगळ्यांनी दोनदा ऐकलेली. आज मात्र थापेलाच घाम सुटला होता.

समोर वाफ्यात ज्वारीची तीन उभी ताटं. संघप्रिया म्याडमनी शीतगृहातलं चाळीस वर्षांचं पाकीट फोडलं, तेव्हा उगवले ते तीनच दाणे. पाकिटावर गावाचं नाव होतं, झरी. ही ज्वारी आता झरीतही कुणाच्या घरी उरली नव्हती. दुसऱ्या ज्वारीचे पराग लागू नयेत म्हणून म्याडमनी तिन्ही कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या आणि राखणीला आश्रुबाला बसवलं. आज काढणी.

पहिल्या पिशवीत कणीस होतं. दाणा एकही नव्हता.

म्याडमचा हात दुसरीकडं वळला. आश्रुबाला पळावंसं वाटलं, पण दोन्ही अंगांना काटेरी तार आणि वाटेत काढणीला आलेली सरजाबाई विळा घेऊन उभी. बायनाबाई जाऊन महिना झाला होता. पण ह्या पिशव्यांच्या धाकानं त्याला बायकोसाठी धड रडताही आलं नव्हतं.

"त्यो एकटा न्हवता," तो घाईनं म्हणाला. "राघीण व्हती संगं. आजारी. आठ दिस पोटात काई न्हवतं तिच्या."

दुसरंही रिकामंच. म्याडमनी धरलं, तर कणीस अलगद हातात आलं. ते ताटाला काळ्या दोऱ्यानं नुसतं बांधलेलं होतं.

"गाठपण राघूनंच मारली का, मामा?" म्याडमनी दोऱ्यावर बोट ठेवलं. "तीनच होती हो."

आश्रुबानं तिसऱ्या पिशवीला दोन्ही हातांनी धरलं. "ही भरल्याली हाय, म्याडम. राघू तोडायलाच निघाला व्हता. राघीण म्हनली, दोन लय झाली. एक बियाला ऱ्हाऊ द्या."

सरजाबाईनं म्याडमच्या हातातलं रिकामं कणीस घेतलं. बोटांना काजळी लागली. तिनं वास घेतला, आणि बराच वेळ नाकापासून हात काढला नाही.

"राघू हुरडा भाजून खातो व्हय, दाजी?" ती म्हणाली. "अन् बियाला ऱ्हाऊ द्या म्हनायची खोड तर आमच्या झरीच्या बायनाक्काची."