वाटणीतली इस्त्री

नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच धाकटा दीर राकेशने देवळाली कॅम्पातलं शिंपीकामाचं दुकान बळकावलं. "तुम्हाला शिवता कुठं येतं, वहिनी?" म्हणत त्याने कोळशाची जड इस्त्री तेवढी शालनच्या हातात ठेवली. तिने दुकानासमोरच इस्त्रीचं टेबल मांडलं.

आज तो स्वतःच कोट घेऊन आला. खांद्यावर चुण्या पडल्या होत्या आणि दुकानात नवरदेव ताटकळला होता.

"नेहमीसारख्या जिरवून द्या ना, वहिनी."

त्याची वाकडी शिवण इतकी वर्षं तीच तर इस्त्रीखाली सरळ करत आली होती. तिने ओलं फडकं पसरलं आणि चुण्यांवरच इस्त्री दाबून धरली. आता कोट विरला तरी त्या निघणार नव्हत्या.

"घ्या भाऊजी. तुम्ही शिवलाय, अगदी तसाच दाबून दिलाय."