एक तारखेपासून हजर

मीटिंग चालू असतानाच दीपमालानं माईक बंद केला, उठली आणि वडिलांना कुशीवर वळवलं. परत येऊन बसेपर्यंत तिला विचारलेला प्रश्न निघून गेला होता.

कोरोनात पुण्याच्या कंपनीचं काम घरून सुरू झालं, तेव्हा ती लोणारला आली. पुढे वडिलांना, उकंडरावांना, अर्धांगवायू झाला आणि परतीचं बोलणंच राहिलं. आता लाईट गेली की नेट आणि तिच्या फोनची रेंजही जायची; मग वडिलांच्या साध्या फोनवरून टीमच्या प्रमुख अनुपमा मॅडमना कळवायचं, आली की कामाला लागायचं. मधल्या वेळात औषध, अंघोळ, जेवण.

सोमवारी पत्र आलं. एक तारखेपासून ऑफिसात हजर व्हावं. टीममधल्या बाकीच्यांना काय आलं, हे विचारायचंही त्राण तिच्यात नव्हतं. दोन दिवस तिनं घरात सांगितलं नाही.

बुधवारी वरण-भात भरवताना ती म्हणाली, "बाबा, कंपनी पुण्याले बोलावून राह्यली."

उकंडराव एसटीत कंट्रोलर होते. त्यांचा आवाज कधीकाळी सगळ्या स्टँडवर ऐकू जायचा. आता शब्द जिभेवर अडखळत.

"मंग जाय ना. एक तारीख काही दूर नाही."

"तुमचं कोन पाह्यल?"

"झुंबर हाय ना."

आत्या झुंबरबाई आठच दिवसांपूर्वी हिवरा आश्रम गावाहून पिशवी घेऊन आली होती. कशी काय आलीस, विचारलं तर म्हणाली, सहजच.

"आत्याचे गुडघे पाह्यले का? तिच्यानं तुम्ही उचलल्या जाता काय?" दीपमाला म्हणाली. "मी मॅडमले सांगून पाह्यते, घरूनच करू द्या म्हनून."

"नाही आयकत ते लोकं. कंपनीवाल्याहिले मानसाचं काय?" उकंडरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू भांडू नोको, माय. जाय."

ती रिकामं ताट घेऊन मोरीपाशी बसून राहिली. ऑफिसात आठ तास एका जागी बसता येईल. डबा खाताना कुणीतरी समोर असेल. आपल्याला हे हवंय, हे कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

मार्चमध्ये उकंडराव एकटेच बाथरूमला जायला निघाले आणि पडले. भिंतीपलीकडे ती कॉलवर होती. चाळीस मिनिटं ते तसेच फरशीवर पडून होते. हाक काऊन नाही मारली, विचारलं तर म्हणाले, "तुझी मीटिंग चालू होती ना."

अशा माणसाला सोडून कसं जायचं?

शुक्रवारी सकाळी तिनं राजीनामा लिहिला. पाठवण्याआधी अनुपमा मॅडमना फोन केला.

"मॅडम, मला पुण्याला येणं जमणार नाही. मी राजीनामा देतेय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"राजीनामा नको, दीपमाला. तू घरूनच कर. तसंही बाकी कुणाला आम्ही बोलावलेलं नाही."

"मग मलाच पत्र का?"

"तुझ्या वडिलांचा फोन आला होता. तीनदा. एकेक शब्द बोलायला त्यांना फार वेळ लागत होता. म्हणाले, मी जा म्हटलं तर पोरगी जाणार नाही. तुम्ही हुकूम काढा."