वॉर्डातली मम्मी

“तुम्ही सगळ्या पाठीमागे माझ्या आईला काय म्हणता?”

आईच्या हॉस्पिटलात नर्सच्या खोलीत बसलेल्या कृतिकाने टॅनियाला एका दमात विचारून टाकलं. नववीतल्या मैत्रिणींनी पैजच लावली होती. उत्तर काय येणार हे सगळ्यांना माहीतच होतं. वाघीण, नाहीतर पोलीस. आई, म्हणजे उर्मिला सिस्टर, भाईंदरच्या एका हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज होती, आणि घरी तिचा आवाज मैत्रिणींना फोनवरूनही ऐकू यायचा.

टॅनिया लाजली. जवळच्या पाली गावाहून बसने येणारी ही पोरगी वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. “मॅडमना सांगू नको हां. मम्मी म्हणतो आम्ही.”

कृतिकाला हसायचं होतं. जमलं नाही.

तेवढ्यात आई फाइल घेऊन खोलीत आली. सहा नंबरच्या पेशंटची शुगर टॅनियाने नऊ नंबरच्या फाइलमध्ये लिहिली होती. इन्शुलिन द्यायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. टॅनियाचा चेहरा पांढराफटक. आता बघ मजा, असं मनात म्हणत कृतिका सावरून बसली. आज गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाणार.

“दोन्ही पेशंट ठीक आहेत, आधी ते ऐक,” आई हळू आवाजात म्हणाली. “नवी होते तेव्हा माझ्याकडूनही झालंय असं. पाणी पी. मग दोघी मिळून बघू.”

आणि तिने टॅनियाच्या पाठीवरून हात फिरवला.

कृतिका त्या हाताकडे बघतच राहिली. मागच्या आठवड्यात गणितात एक वजाचं चिन्ह राहिलं, तेव्हा हाच हात टेबलावर आपटला होता.

ड्युटी संपली तरी टॅनिया निघाली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वॉर्डातल्या सगळ्या फाइली एकेक करून तपासत बसली. तिची बससुद्धा चुकली. कृतिकाला तिचा इतका राग आला की जाताना तिने बायसुद्धा केलं नाही.

मैत्रिणींना मात्र तिने कळवून टाकलं, वाघीणच म्हणतात.

जेवायला बसल्यावर आईने युनिट टेस्टच्या पेपरांचं विचारलं. पप्पांनी लगेच ताटात डोकं खुपसलं.

“मिळालेत,” कृतिका म्हणाली. “पण पप्पा, तुम्हीपण ऐका, मी ठरवलंय. पेपर मी घरी दाखवणार नाही. उद्या आईच्या वॉर्डात नेऊन दाखवणार.”