दाढदुखी

राळेगावच्या बसस्टँडवर शेजारच्या इंदूबाई दिसताच निशिगंधाच्या सासूबाईंनी चार वर्षांच्या नातीच्या, सुरभीच्या कानांवरचा आवाज अडवणारा हेडफोन ओढून पिशवीत कोंबला. तेवढ्यात यवतमाळच्या एसटीनं हॉर्न दिला. कान दाबून सुरभी किंचाळत जमिनीवर लोळू लागली. “काय झालं वं पोरीले?” इंदूबाईंनी विचारलं. “दाढ दुखते तिची. डाक्टरकडे नेऊन राह्यलो,” सासूबाई म्हणाल्या. पाच वर्षांत त्यांच्यापुढं मान वर न केलेल्या निशिगंधानं पिशवीतून हेडफोन काढला, लेकीच्या कानांवर चढवला, तिला उचलून घेतलं. “दाढ नाही, काकू. हिले ऑटिझम आहे, आवाज सोसत नाही. आजपासून अशा लेकरांच्या शाळेत जाते.” सासूबाई फणफणल्या, “उपासाच्या दिवशी मोठ्यांले उलटून बोलतं?” बसच्या पायरीवर निशिगंधा वळली. “दोन वर्षं दर गुरुवारी उपास धरून तुमच्या खोट्याले हो म्हणलं, आई. त्या खोट्यानं ते सारे उपास माहे मोडलेच.”