किशन टेलरची सून

“ही बाई कोण हाय?” किशनरावांनी बहिणीला विचारलं.

शीतल चहाचा कप घेऊन समोर उभी होती. चांगुणाबाई भावाच्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

“अरे, शीतल हाय. तुझी सून. भीमराजची बायको.”

“काय बोलून राहिली तू? भीमराज तर बिनलग्नाचाच गेला.”

एवढं म्हणून किशनराव मशीनवर वाकले आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

भीमराजला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. वारंगा फाट्याजवळ ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी शीतलचा भाऊ प्रेमानंद तिला सेनगावला न्यायला आला, पण ती गेली नाही. सासू आधीच वारली होती. बाळापूरच्या त्या दोन खोल्यांत सासरा आणि सून असे दोघंच उरले.

पहिले काही महिने दोघं रोज भीमराजबद्दल बोलत. तो लहानपणी कसा होता, काय खायचा, कशावर चिडायचा. शीतल भाकरी थापायची आणि किशनराव उंबऱ्यावर बसून सांगायचे. तिला त्या बोलण्याचाच आधार होता. आणि आता हे.

हप्त्यानंतरही फरक पडला नाही, तशी शीतल चांगुणाबाईंना सोबत घेऊन किशनरावांना हिंगोलीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, गावाचं नाव विचारलं, उलटे आकडे म्हणायला लावले. किशनरावांनी सगळं बराबर सांगितलं. मुलगा कसा गेला, कोणत्या तारखेला गेला, तेही सांगितलं. मग डॉक्टरांनी शीतलकडं बोट केलं.

“यांना ओळखता का?”

किशनरावांनी तिला नीट न्याहाळलं. “न्हाई. कोण्या गावची हाय?”

“धक्का बसलाय त्यांना,” डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. “असं होतं कधीकधी. येईल हळूहळू ध्यानात.”

शीतलला काही उमगत नव्हतं. परवाच गल्लीतली पंचफुला ब्लाउज शिवायला टाकायला आली होती. तिच्या लग्नातलं माप किशनरावांनी वही न उघडता सांगितलं, आणि आता दोन इंच वाढवावं लागेल म्हणून हसलेही. शीतल आत कणीक मळत ते ऐकत होती. गावातल्या शंभर बायांची मापं ज्याच्या ध्यानात आहेत, त्याला घरातली एक सून कशी आठवत नाही?

तिनं पेटीतून लग्नाचा फोटो काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“मामा, हे बघा.”

त्यांनी चष्मा पुसून फोटो उजेडात धरला. भीमराजच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. “हा माझा भीमराज. अन् ही शेजारची पोरगी कोण?”

“मीच हाय ती.”

“असंल बाई,” ते म्हणाले आणि फोटो परत देऊन टाकला.

त्या दुपारी ती चांगुणाबाईंच्या घरी गेली. जाऊन त्यांच्यापुढं बसली. मग म्हणाली, “आत्याबाई, माझं लगीन झालं होतं न्हवं?”

चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दिवस सरत गेले तसं किशनरावांचं वागणं बिघडत गेलं. तिनं वाढलेलं ताट ते बाजूला सारू लागले. ती खोलीत आली की उठून बाहेर जाऊ लागले. आणि एका सकाळी ती नळावरून पाणी घेऊन आली, तर तिची पेटी गल्लीत ठेवलेली होती. दारात किशनराव उभे होते.

“परक्या बाईनं माझ्या घरात काहून राहावं?” ते जमलेल्या लोकांना विचारत होते. “माझ्या पोराच्या मागं मला बदनाम करायलंय काय कोणी?”

शीतल रडली नाही. डोक्यावर घागर तशीच होती. आपणच चुकून दुसऱ्याच्या दारात आलो, असं तिला खरोखर वाटलं, आणि तिनं पाऊल मागं घेतलं.

चांगुणाबाईंनी तिला आपल्या घरी नेलं आणि एसटीडीवरून सेनगावला फोन लावला. दुसऱ्या दिवशी प्रेमानंद आला.

“आता तरी चल,” तो म्हणाला. “तो वसमतचा मास्तर तुझ्याशी लग्नाला अजून तयार हाय. माणूस चांगला हाय.”

“मामाला कोण बघील?”

“मी हाय की,” चांगुणाबाई म्हणाल्या. “माझा भाऊ हाय तो. जा तू. तुला बघितलं की त्याचं जास्तच बिघडायलंय.”

निघताना शीतल प्रेमानंदला घेऊन सासऱ्याच्या पाया पडायला गेली. किशनराव काज करत बसले होते. त्यांनी पाय आखडून घेतले.

“ह्या बाईला नीट गाडीत बसवून द्या कोणीतरी,” ते कापडावरून नजर न काढता म्हणाले.

ती पुढं झाली. प्रेमानंद पेटी घेऊन थोड्या वेळानं स्टँडवर पोचला. हिंगोलीची गाडी लागलेली होती. शीतल मिळाली त्या सीटवर कडेला बसली. चार वर्षं आणि सात महिने. ते सगळं घडलंच नसेल तर रडायचं तरी कशासाठी, हे तिला कळत नव्हतं.

“आत सरक, खिडकीपाशी,” प्रेमानंद पेटी सीटखाली ढकलत म्हणाला.

“राहू दे.”

“सरक म्हणतो ना. तुला गाडी लागते म्हणं. लग्नाआधी तर कधी लागत न्हवती.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली.

“तुला कोणी सांगितलं?” शीतलनं विचारलं.

“तुझ्या सासऱ्यानं. मी निघालो तर माझा हात धरला अन् म्हणले, शीतलला गाडी लागते, खिडकीपाशी बसव.”