रविवारची प्रार्थना

"आत्या, तूच प्रार्थना कर. थोडक्यात. मग भट्टी पेटवू," भाच्यानं फर्मावलं. त्याच्यामागे भिंतीवर नाताळच्या केकविक्रीचं ध्येय रंगवलं होतं, खाली पवित्र शास्त्रातलं वचन.

"आज रविवार आहे. कामगारांची उपासना?"

"ध्येयही देवानंच दिलंय."

"हो का? मग त्याच्याशीच बोलते."

माझ्या वडिलांच्या या बेकरीत रविवारी कधी धूर निघाला नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले. वडिलांच्या काळापासून इथे राबलेल्या एकेकाचं नाव घेऊन मी आभार मानू लागले. पावाच्या लाद्या उचलणारा शिमोन, केक सजवणारी सगुणाबाई, त्यांच्या सुना, नातवंडं, आजारपणं.

भाचा खाकरला. मग मोठ्यानं म्हणाला, "आमेन!"

कोणीच डोळे उघडले नाहीत. चालू प्रार्थना कोण मोडणार?

"आणि प्रभू, उतावळ्यांना धीर दे," मी म्हणाले. कोणीतरी फिस्सकन हसलं.

चर्चची घंटा वाजली, तेव्हाच मी आमेन म्हटलं. कामगार हात धुऊन उपासनेला निघाले.

"मुद्दाम केलंस तू!" भाचा दातओठ खात म्हणाला.

"गिऱ्हाइकांची नावं राहिलीच रे. ती पुढच्या रविवारी घेईन."